आमची वाटचाल : घसरणाऱ्या शेतकऱ्यापासून

आमचा स्टुडिओ भुसावळला २०१४ साली सुरू केला तेव्हा ॲनिमेशन वगैरे काही डोक्यातच नव्हतं. फ्लेक्स, लग्नपत्रिका, लग्नाचे अल्बम, एवढंच. दहा बाय बाराची खोली, खाली रसवंती, एक पीसी, आणि यूपीएस असा की लाइट गेली की बोंबलायचा आणि आपण सेव्ह करेपर्यंत गप. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा कूलर पीसीला आणि पंखा आम्हाला अशी वाटणी होती.

२०१८ मध्ये शिरपूरकडचे एक बियाणं-खतवाले अण्णा आले. त्यांना मोबाइलवर फिरवायला तीस सेकंदांची कार्टूनची ॲड पाहिजे होती, शेतकरी घरून निघतो, बांधाबांधाने शेतात जातो, पीक बघून खूश होतो, बस. ८ हजारात ठरलं. मी मनात म्हटलं चालण्यात काय आहे, दोन पाय पुढे-मागे हलवायचे की झालं. तीन रात्री बसलो. शेतकरी झकास काढला होता, टोपी, उपरणं, मिशीला पीळ. अण्णांनी दोनदा बघितली, मोबाइल जरा लांब धरून तिसऱ्यांदा बघितली आणि म्हणाले, "हाऊ मानूस चालस का घसरस?"

खरंच घसरत होता. बर्फावर सोडल्यासारखा. आणि आमच्याकडे बर्फ म्हणजे खाली रसवंतीतच.

मला ते का होतंय हे कळायला जवळजवळ दोन महिने गेले, कारण आजूबाजूला विचारायला कोणी नाही. कारण निघालं एवढंसं. सॉफ्टवेअरमध्ये दोन कीफ्रेम, म्हणजे हालचालीची सुरुवात आणि शेवट, दिल्या की मधलं सॉफ्टवेअर भरतं, आणि भरताना ते आपणहून इझ लावतं, म्हणजे हळू सुरू, मधे जोरात, परत हळू. हात हलवायला, मान वळवायला ते छानच दिसतं. पण कॅरेक्टर जागच्या जागी चालवून मागचं बॅकग्राउंड सरकवतो तेव्हा जमिनीवर टेकलेला पाय बॅकग्राउंडबरोबर एकाच वेगाने मागे गेला पाहिजे, कारण जमीन काही इझ घेत नाही. म्हणून पाय टेकलेला असतो तेवढ्या फ्रेम्सना (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) हालचालीच्या ग्राफमध्ये सरळ रेघ, आणि पाय हवेत असताना काय इझ द्यायचा तो द्या. हे कळलं त्या दिवशी मी रसवंतीवाल्याला फुकटात सांगत बसलो होतो, त्याने ऐकून घेतलं आणि रसाचे पैसे मात्र घेतले.

मग हिशोब. वॉक सायकल म्हणजे चालण्याची परत परत फिरणारी एक फेरी. २४ फ्रेम्सचा सायकल म्हणजे दोन पावलं, एक डावं एक उजवं. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर एका सेकंदात दोन पावलं, मिनिटाला १२०, म्हणजे कामाला निघालेला माणूस. दोन पावलांत तो ३०० पिक्सेल जात असेल तर बॅकग्राउंड दर फ्रेमला साडेबारा पिक्सेल सरकलं पाहिजे, दहा ठेवलं की परत घसरगुंडी. हे गणित आजही आमच्या भिंतीवर मार्करने लिहिलेलं आहे, दरवर्षी चुना मारताना तेवढा चौकोन सोडतो. अजून एक गंमत, २५ वी फ्रेम पहिल्यासारखीच ठेवायची पण लूप २४ वरच फिरवायचा, नाहीतर एकच पोझ दोनदा दिसते आणि माणूस दर सेकंदाला उचकी लागल्यासारखा थबकतो. आमचा शेतकरी चार महिने उचकी देत होता.

चालण्याच्या पोझ चार. टाच टेकते आणि दोन्ही पाय लांब असतात तो कॉन्टॅक्ट. मग अंगाचं वजन पुढच्या पायावर येतं, गुडघा वाकतो, डोकं सगळ्यात खाली जातं, तो डाउन. मग मागचा पाय उभ्या पायाच्या बाजूने पुढे निघतो, तो पासिंग. मग शरीर सगळ्यात वर, तो अप, आणि परत कॉन्टॅक्ट, फक्त पाय बदललेला. २४ च्या सायकलमध्ये या चार पोझ १, ४, ७, १० या फ्रेम्सवर येतात, आणि १३ वर दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट. मी पहिल्यांदा फक्त दोन कॉन्टॅक्ट काढून मधलं सॉफ्टवेअरवर सोडलं होतं, म्हणून डोकं एका रेषेत होतं, माणसाला वजनच नव्हतं. कंबर खालीवर झाली नाही तर पाय कितीही चांगले काढा, ते कापडाच्या बाहुलीचे लोंबणारे पाय.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर, सुरुवातीला काय वापरत होतो ते विचारू नका, त्या काळी सगळेच तसलीच सीडी वापरायचे. नंतर लाज वाटायला लागली आणि भीतीपण. ओपनटून्झ हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये सगळ्यांना मोफत खुलं झालं होतं हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं. शिकायला किचकट आहे, मेनू बघून आमच्याकडचा एक मुलगा दुसऱ्याच दिवशी पळाला. पण फुकट आणि स्वच्छ. आता चित्र एकीकडे, रिगिंग (चित्रातले हातपाय हाडांसारखे जोडून हलते करणं) एकीकडे, जे काम जिथे जमतं तिथे.

रिगिंगमध्ये सगळ्यात जास्त छळलं गुडघ्याने. आयके नावाची सोय लावली की घोटा ओढला तर मांडी-पोटरी आपोआप जुळते, पण पाय पूर्ण ताणला गेला की गुडघा एका फ्रेममध्ये टक्कन उडतो. उपाय साधा, पाय कधी शंभर टक्के सरळ होऊ द्यायचा नाही, कंबर दोन-तीन पिक्सेल खाली घ्यायची. हे आम्हाला कुठल्या व्हिडिओत सापडलं नाही, आमच्या स्टुडिओतल्या पोरीने शोधलं. सावद्याची आहे, अकाउंट्स करायला आली होती, आता अकाउंट्स माझी बायको बघते.

खरं चालणं मात्र आम्ही रावेर पट्ट्यात शिकलो. केळीच्या एका कामासाठी मजूर दाखवायचा होता, तर आम्ही आमचा शेतकरीच घेतला आणि त्याच्या डोक्यावर घड ठेवला. बागायतदार काका हसले, "अरे, हा तर रिकामा चालू राहिला!" मग बागेत गेलो, कटाईच्या दिवशी मोबाइल तिवईवर लावून शूट केलं. २०-२५ किलोचा घड डोक्यावर असला की माणूस उसळत नाही. पावलं लहान आणि भराभर, गुडघे जरा वाकलेलेच, मान एकदम स्थिर, खालीवर होतं ते सगळं कमरेखाली. एक हात घडाला, त्यामुळे हलतो तो दुसराच, आणि तोही थोडासा. तिथे अप पोझ जवळपास काढूनच टाकली आणि पावलाला १२ च्या ९ फ्रेम्स केल्या. काका यावेळी काही बोलले नाहीत, फक्त केळी दिली दोन डझन. एवढं बोलकं पेमेंट मला आजपर्यंत मिळालं नाही.

न मिळालेल्या पेमेंटचं पण सांगतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळेच्या धड्यांचं काम भरपूर आलं, मुलं घरी, सगळ्यांना व्हिडिओ पाहिजे. बाहेरच्या एका एजन्सीने ११ व्हिडिओ करून घेतले, पैसे तीनचे दिले. वर आमच्याच एका मुलीच्या कॅरेक्टरचा वॉक सायकल उचलून दुसऱ्या कॅरेक्टरला लावला, सहावीतली दोन वेण्यांवाली मुलगी आणि तिच्या चालीत भाषण देणारे गुरुजी. राग यायच्या ऐवजी आम्ही हसून हसून बेजार. तेव्हापासून अर्धे पैसे आधी, आणि सोर्स फाइल शेवटचा हप्ता आल्यावर.

घोड्याचं राहिलंच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी, दत्तजयंतीला तापीकाठी भरतो तो, एक छोटं ॲनिमेशन मिळालं. आम्ही माणसाचे दोन सायकल काढले, एक पुढच्या पायांना एक मागच्यांना, आणि दोन्ही एकाच वेळी पडणारे. तो घोडा नव्हता, सोंगातला घोडा होता, आत दोन माणसं शिरलेली. मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात बारा कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले, तेव्हा घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात हे पक्कं झालं. ते आम्ही बघितलेलं होतं, पण ते धावणं, आम्हाला चालणं पाहिजे होतं. शेवटी बाजारातच एका व्यापारी दादांना विचारलं. ते म्हणाले, मागचा डावा, मग पुढचा डावा, मागचा उजवा, मग पुढचा उजवा, कान लावून ऐक, चार टापा वेगवेगळ्या वाजतात. ऐकल्या. परत येताना एसटीत मांडीवर बोटांनी टापा वाजवत आलो, शेजारचे बाबा उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले. मग मागचे पाय सहा फ्रेम आधी टाकले आणि घोडा चालला. तीन आठवड्यांचं काम, त्यातले अडीच आठवडे घोडा नव्हताच.

आज आम्ही पाच जण आहोत. खोली तीच, शेजारची अजून एक घेतली. वॉक सायकलचे पैसे वेगळे लावतो, लोक कुरकुरतात, "चालण्याचे पण पैसे?" म्हणतात, मग मी त्यांना शेतकऱ्याची जुनी फाइल दाखवतो.

सध्या मुक्ताईच्या पालखीवर काम चालू आहे, मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते ती. स्क्रीनवर चाळीस वारकरी. एकच सायकल चाळीस जणांना लावला तर परेड होते, म्हणून सहा वेगळ्या चाली काढल्या आणि प्रत्येकाची सुरुवात काही फ्रेम पुढे-मागे केली. टाळकऱ्यांची पावलं मात्र टाळावरच पाडायला लागतात, ती दिंडीची शिस्त, तिथे पुढे-मागे चालत नाही. परवा आई जेवणाचा डबा घेऊन आली, पडद्यावर तुळस डोक्यावर घेतलेली म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हिचा डावा गुडघा दुखतो वाटतं." आम्ही तिच्या डाव्या पावलाला दोन फ्रेम कमी दिल्या होत्या. सावद्याची पोरगी माझ्याकडे बघायला लागली, मी डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि भरीत होतं.