खिशातला घडीचा चाकू निवडताना आधी जाडी बघा

मूठ जड आणि पातं जाड, म्हणजे चाकू दणकट, हा आपल्याकडचा पक्का समज. रोज खिशात राहणाऱ्या घडीच्या चाकूला तो लागू पडत नाही. दुकानात चाकू हातात आला की आधी बघायची ती पात्याची जाडी, आणि त्यातही धारेच्या लगेच वरची जाडी.

धार फक्त वाट उघडते. त्या वाटेतून पुढे शिरायचं असतं ते पात्याच्या अंगाला. पाठीला चार मिलिमीटर असलेलं पातं रताळ्यात घातलं, तर ते पाचर ठोकल्यासारखं रताळं फाकवतं. गाजराचं तर निम्म्यावरच 'कट्' होऊन तुकडा उडतो. धार नवी असली तरी हेच होतं, आणि मग लोक धारेला दोष देतात. दिवसभरातली कामं आठवा: पोत्याची शिवण उसवणं, सुतळी आणि प्लॅस्टिकची दोरी कापणं, ड्रिपचा पाईप सरळ छाटणं, खोक्याची पट्टी काढणं, कैरी नाहीतर पेरू चिरणं. यातल्या एकाही कामाला जाड पातं लागत नाही. पाठीला दोन ते अडीच मिलिमीटर भरपूर झालं. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबरचा चाकू तर त्याहूनही पातळ आहे आणि फळ-भाजीत तो सहज उतरतो. आपल्या बेळगावात उद्यमबाग, मच्छेकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या हाताशी जाडी मोजायचा व्हर्नियर असतोच. धारेच्या एक मिलिमीटर वर मोजा. अर्धा मिलिमीटरच्या आसपास भरलं तर चाकू कापणारा आहे, एकच्या पुढे गेलं तर तो फोडणारा आहे.

लांबी सात ते साडेआठ सेंटिमीटर पुरते. त्याहून मोठा चाकू मोटारसायकलवर बसलं की मांडीला टोचतो आणि शेवटी घरी ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

आता स्टील. इथे आपला तालुका कुठला, हे खरंच महत्त्वाचं आहे. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि अथणीकडची कोरडी हवा यांत फार फरक. खानापूर भागात राहणाऱ्याने साधं कार्बन स्टील घेऊ नये. पावसाळ्यात ओल्या खिशात एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके येतात. लिंबू, कैरी, काजूच्या बोंडाचा रस यांनीही ते काळं पडतं. अथणी, रायबागकडे कापल्यावर पुसायची सवय असेल तर कार्बन स्टील छान, धार पटकन लागते. डी-टू नावाचं स्टील सध्या स्वस्त चाकूंमध्ये खूप दिसतं. धार फार टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, घामाने आणि पावसाने गंजतं, आणि साध्या दगडावर त्याला धार लावताना हात भरून येतात. मला विचाराल तर आपल्या पट्ट्यात १२सी२७ नावाचं किंवा स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्स वापरते तसलं साधं स्टेनलेसच बरं. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कडकपणाच्या मापात ५६ रॉकवेलच्या आसपास असतं, म्हणजे लवकर बोथटतं, पण पाच मिनिटांत पुन्हा उभं राहतं.

भांडी घेताना आपण चुंबक लावून बघतो, चिकटलं नाही तर स्टील चांगलं म्हणतो. चाकूला ही परीक्षा लावू नका. भांड्यांचं ३०४ स्टील पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, कडक होत नाही, त्यामुळे धार धरत नाही. चाकूचं चांगलं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' कोरलेलं आहे आणि स्टीलचं नाव डब्यावरही कुठे नाही, असा चाकू सोडून द्या.

उघडलेलं पातं जागेवर अडकवून धरणारं लॉक तपासायला दोन मिनिटं द्यावीत, बोटं त्यावरच अवलंबून असतात. पातं उघडून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. बाजूला किंचित हलत असेल तर पिव्होटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या सांध्याचा, स्क्रू आवळून ते जातं. वर-खाली हलत असेल तर लॉकच नीट बसलेलं नाही, तो चाकू परत ठेवा. लाईनर लॉकमध्ये आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकते. नव्या चाकूत ती बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत यावी. जेमतेम कडेला टेकत असेल तर सटकेल, पार पलीकडे गेली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठ लाकडी टेबलावर हलकेच आपटा. मिटलं तर घेऊ नका. शेवटी चाकू मिटून, तोंड खाली करून झटका द्या. पातं बाहेर येता कामा नये.

वापरात लॉक फसतं ते बहुतेक वेळा घाणीने. तांबडी माती, पोत्याचे तंतू किंवा फणसाचा चीक पट्टीच्या खाली साचला की ती पूर्ण सरकत नाही, आणि 'टक्' आवाज येऊनही लॉक अर्धवटच राहतं. फणस कापण्याआधी पात्याला आणि सांध्याला खोबरेल लावा. चीक आत गेलाच तर रॉकेलच्या बोळ्याने काढून साबणाने धुवा आणि वाळवा. सांध्यात खायचं तेल कायमचं ठेवू नका, काही महिन्यांत ते चिकट होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन एक थेंब पुरे, फळं कापायलाही हरकत नाही. लाकडी मुठीचा ओपिनेल पावसाळ्यात फुगून पातं आवळून धरतो. मे महिन्यातच मुठीला जवसाचं तेल पाजून वाळवलेलं बरं.

बिनलॉकचा, नुसत्या स्प्रिंगचा चाकूही चालतो, मात्र टोकाने भोक पाडायचं काम त्याला देऊ नका. जोर टोकावर आला की तो बोटांवर मिटतो.

धार घरीच लावा. ४०० आणि १००० चा दगड, पाणी, आणि प्रत्येक बाजूला साधारण २० अंश. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बर, म्हणजे बोटाला खरखरीत लागणारी धातूची बारीक कड, जाणवली की मगच बाजू बदला. बर येण्याआधीच बाजू बदलली तर धार कधीच येत नाही. घासूनही चाकू बोथट राहण्याचं नेहमीचं कारण हेच. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढून बर काढा. सायकलवरून फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकाला हा चाकू देऊ नका. कोरडं चाक पातळ धार क्षणात तापवतं, निळसर डाग दिसला म्हणजे तिथलं पाणी उतरलं.

कायद्याचं थोडक्यात: २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकाम-शेतीसाठी बनवलेली त्यात नाहीत. आपला चाकू या मापाच्या पुष्कळ आत आहे. पण जमावबंदीचा आदेश असेल तेव्हा हे माप सांगून उपयोग नाही. १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव, निवडणूक, गणपतीची मिरवणूक, सुवर्णसौधातलं विधिमंडळाचं अधिवेशन, अशा दिवशी चाकू घरी ठेवा. कोर्टात नेऊ नका, आणि सांबऱ्याच्या विमानतळावरून जाताना तो हातातल्या पिशवीत नको, चेक-इनच्या बॅगेत टाका. बटण दाबून उडणारं पातं तर मुळात घेऊच नका. त्याने काम काही वाढत नाही, पोलिसांची शंका तेवढी वाढते.