तुमच्या घरी जेवायला कोण येतं?

परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलाची फाइल चांगली जाडजूड असते. बाल कल्याण समितीचा आदेश, वैद्यकीय तपासण्या, परदेशातल्या संस्थेने केलेला घराचा अहवाल, मिळकतीचे कागद, पोलिसांचा दाखला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिशुगृहात मी सामाजिक कार्यकर्ती आहे. अशी फाइल हातात आली की मी आधी एक गोष्ट शोधते: मुलाच्या रंगाचा आणि मुळांचा विचार या माणसांनी केलाय का? एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारात मुलाची वांशिक, धार्मिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी असं स्पष्ट लिहिलंय. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. तरी अहवालांत बहुतेकदा एवढंच असतं: ‘दांपत्याला भारतीय संस्कृतीबद्दल आदर आहे.’

इटलीच्या एका दांपत्याच्या अहवालातही तेवढंच होतं.

ते दत्तक घेणार होते तो मुलगा सात वर्षांचा. त्याला इथे सोमा म्हणते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही. पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतला. आईबाप गेले, मग सांभाळणारी आजी गेली. कायद्याने आधी देशातल्या आणि अनिवासी भारतीय पालकांचा विचार होतो. साठ दिवसांत कोणी मिळालं नाही तर मुलाला परदेशाची वाट मोकळी होते, आणि पाच वर्षांवरच्या मुलांना त्यात प्राधान्य देता येतं. सोमाला आपल्याकडच्या पालकांनी पाहिलं आणि सोडून दिलं. एका गृहस्थांनी तर फोनवर विचारलं, “मॅडम, फोटोत अंधार आहे की पोरगाच इतका काळा आहे?” मूल परदेशी गेलं की त्याची संस्कृती तुटते, असं तावातावाने बोलणाऱ्यांना मला तो फोन ऐकवावासा वाटतो.

ते दोघं सोमाला भेटायला आले तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. नागपूरहून गाडीने आले, सोबत दुभाषी बाई. सोमासाठी ताजमहालाचं चित्र असलेलं पुस्तक आणलं होतं, आणि दोघं महिनाभर हिंदी शिकत होते. मनापासून केलेली तयारी होती ती. पण सोमाची आईची भाषा कोलामी. द्राविडी कुळातली, गोंडी-तेलुगूच्या नात्यातली. आमच्याकडे ती कोणालाच येत नाही, म्हणून तो वऱ्हाडी बोलायला लागला. मी नकाशा पसरून त्यांना पोड म्हणजे काय ते सांगितलं, सोमाचा बाप बांबूच्या टोपल्या विणायचा ते सांगितलं. होणारे वडील वहीत सगळं उतरवून घेत होते. पुण्याच्या एखाद्या घरात गेला असता तरी सोमाची कोलामी गेलीच असती, आणि तिथे भाषेचं काय, हा प्रश्न कोणी विचारलाही नसता. याचा मला त्रास होतो.

रंगाचं बोलणं याहून अवघड. वडील म्हणाले, “आम्ही रंग बघतच नाही.” मी म्हटलं, “पण वर्गातली मुलं पहिल्याच दिवशी बघतील.” मग त्यांच्या गावाबद्दल विचारलं. पो नदीचं खोरं, दुधदुभत्याचा मुलूख. तिथल्या गोठ्यांवर पंजाबी माणसं खूप आहेत, नोव्हेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे. “म्हणजे तो एकटा पडणार नाही,” वडील समाधानाने म्हणाले.

मी विचारलं, “त्यांच्यातलं कोणी तुमच्या घरी जेवायला येतं का?”

दुभाषी बाईंनी प्रश्न सांगितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “नाही. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.”

मी तिथेच थांबले नाही. म्हटलं, तुमच्या गावाला सोमात गोठ्यावरच्या गड्याचं पोर दिसेल. तुम्ही हात धरून चाललात तोवर सगळे लाड करतील. सोळाव्या वर्षी तो एकटा बसमध्ये चढेल तेव्हा तुम्ही सोबत नसाल. कोरियातून १९५० च्या दशकापासून लाखाहून जास्त मुलं परदेशी दत्तक गेली, आणि त्यांतली कितीतरी मोठेपणी हेच सांगत आली: घरात माया होती, पण बाहेर जे सोसलं ते घरी कळणारं कोणी नव्हतं, कारण घरात कोणालाच ते सोसावं लागलं नव्हतं.

वडील चिडले. “म्हणजे तुम्ही आम्हाला नाकारताय?”

नाकारणं माझ्या हातात नव्हतं, आणि मला नाकारायचंही नव्हतं. तसं सांगितलं. पण शब्द मागे घेतले नाहीत.

दुपारी आमच्या मावशींनी सोमाच्या आंघोळीला इटलीच्या त्या बाईंना सोबत घेतलं. पुसून झाल्यावर त्याच्या नडग्यांवर नख ओढून दाखवलं. पांढरी रेघ उमटली. “हिवाळ्यात याचं आंग लय उलते बाई. तिकडं तं बरफ पडते म्हणतेत. रोज तेल लावजा.” दुभाषी बाई जवळ नव्हत्या. त्या बाईंनी बाह्या वर केल्या, तळहातावर खोबरेल घेतलं आणि गुडघ्यापासून खाली चोळायला लागल्या. सोमाला गुदगुल्या होत होत्या. मध्येच त्याने विचारलं, “तुमच्या गावाले बकऱ्या हायेत काय?”

संध्याकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या. आम्ही काय करायचं ते सांगा, म्हणाल्या. जे वाटत होतं ते सांगितलं. त्याच्या रंगाची इतर मुलं जिथे आहेत ती शाळा बघा, लांब पडली तरी. पंजाब काही त्याचं गाव नाही, पण ओळखीच्या रंगाची चार माणसं तरी घरात येऊ द्या. मुलगा रडत आला तर “त्याच्या मनात तसं नव्हतं” असं म्हणून पोराला गप्प करू नका. नाव बदलू नका.

दत्तकाचा आदेश झाल्यावर ते सोमाला न्यायला आले. तोवर त्या बाई दर रविवारी गुरुद्वारात लंगरला जाऊ लागल्या होत्या. एका कुटुंबाशी जाणं-येणं सुरू झालं होतं; त्यांचा मुलगा सोमाहून थोडा मोठा.

पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी तिकडून अहवाल येतो, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. दुसऱ्या अहवालात होतं: वर्गातल्या एकाने सोमाला म्हटलं, तुझे हात धुतले तरी निघत नाहीत. आई शाळेत गेली आणि शिक्षिकेशी बोलल्याशिवाय हलली नाही. त्या संध्याकाळी सोमा पंजाबी घरी जेवला. तिथल्या मुलालाही कधीकाळी हेच ऐकावं लागलं होतं, हे त्याला तिथे कळलं.

मी उत्तरात कोलामीचं काय ते विचारलं. वडिलांनी लिहिलं, इथे शिकवणारं कोणी सापडत नाही, तुम्ही काही पाठवाल का? पांढरकवड्याकडच्या एका कोलाम गुरुजींना गाठलंय. पोडावरच्या गोष्टी त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करायच्या आहेत. दिवाळीची दंडार, म्हणजे पोडावरचा नाच, आटोपली की बसू, म्हणालेत.