वरचं बरोबर आहे, खालचं पुस्तकातलं

आमच्या शाळेत नववीच्या दोन्ही तुकड्यांचं बीजगणित माझ्याकडं असतं. गेल्या वर्षी एका कंपनीच्या सीएसआर निधीतून शाळेला तीस टॅब मिळाले आणि त्यांच्यासोबत बीजगणिताच्या सरावाचा एक प्रोग्राम आला. शिकवायचं फळ्यावर, सराव टॅबवर, आठवड्याला दोन तासिका, असं ठरलं. माझा विरोध नव्हता. साठ वह्या तपासून मुलाच्या हातात चूक पडेपर्यंत आठवडा उलटतो, टॅब तिथल्या तिथं सांगतो. एवढ्यासाठीसुद्धा मी तो घेतला असता.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटं कपाटाची किल्ली, वाटप आणि लॉगिन यात जातात हे बाहेरच्या कुणाला सुचत नाही. एका टॅबवर दोघं, आळीपाळीनं. म्हणजे एकाच्या वाट्याला फार तर बारा मिनिटं. इंटरनेट लागत नाही, कोपऱ्यात छोटा सर्व्हर आहे, पण त्याला लाईट लागते. टॅब चार्जिंगला लावायचं काम शिपाई मामांकडं, त्यांची रजा असली की सराव वहीत.

प्रोग्राम चालतो असा. एका संचात पाच प्रश्न. पाचही पहिल्या फटक्यात, मदत न घेता बरोबर आले की मूल त्या घटकात ‘हिरवं’. अडलं तर तीन सूचना: पहिली गोलमोल, दुसरीत एक पायरी, तिसरीत अख्खं गणित सोडवलेलं. सूचना घेतली की हिरवा गेला, पिवळा किंवा लाल. उत्तरासाठी एकच चौकट, त्यात फक्त शेवटची संख्या टाकायची. पायऱ्या कुणी विचारत नाही. आणि ती चौकट इतकी आडमुठी की ३/२ अपेक्षित असताना ६/४ लिहिलं तर लाल फुली. ‘अतिसंक्षिप्त रूप द्या’ असं सांगायची तसदी नाही, सरळ चूक. हे मी प्रोग्रामच्या समन्वयकांना पहिल्याच महिन्यात लिहून कळवलं होतं. ‘पुढच्या अपडेटमध्ये’ असं उत्तर आलं.

मग व्हिजिटचा दिवस. कंपनीची माणसं, संस्थेचे सचिव आणि शिक्षण विस्तार अधिकारी. हिरवी मुलं पुढच्या बाकांवर बसवा, असा समन्वयकांचा आदल्या दिवशीच निरोप. आधी सादरीकरण झालं, त्यात दिल्लीतल्या एका अभ्यासाचा दाखला. तो अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे, मी वाचलाय. ‘माइंडस्पार्क’ या संगणकावरच्या सरावाच्या प्रोग्रामची केंद्रं, तिथं जाणारी सहावी ते नववीची मुलं, साडेचार महिने, गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) वाढ; २०१९ साली प्रसिद्ध झाला. पण तिथं मुलं आठवड्याचे सहा दिवस दीड-दीड तास बसायची. त्यातला अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ पंधराएक जणांच्या गटात शिक्षकासमोर. आणि नववीतलं मूल पाचवीच्या गणितात अडत असेल तर तो प्रोग्राम त्याला पाचवीचं गणित द्यायचा. आमचा नववीला नववीचंच देतो. अमेरिकेतही सात राज्यांतल्या शाळांत ‘कॉग्निटिव्ह ट्युटर’ हा संगणकाच्या जोडीनं चालणारा बीजगणिताचा अभ्यासक्रम तपासला होता. पहिल्या वर्षी फरक दिसलाच नाही, दुसऱ्या वर्षी हायस्कुलांमध्ये दिसला. आमच्याकडं अहवाल पहिल्या सत्राअखेरच मागितला होता. पडद्यावर यातलं काही नव्हतं, फक्त वर जाणारा बाण.

विस्तार अधिकारी पूर्वी गणिताचे शिक्षक. बाण बघून त्यांचं समाधान झालं नसावं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं (पुस्तकात एक्स असतो, मी इथं क्ष लिहिते):

५क्ष − ३ = २क्ष + १२

“सगळ्यात हिरवा कोण?” समन्वयकांनी बारा नंबरला उठवलं. बारा नंबर म्हणजे हजेरी क्रमांक बारा, एकचल समीकरणांत अथपासून इतिपर्यंत हिरवा. तो फळ्यापाशी गेला, पाव मिनिट नुसता बघत राहिला आणि लिहिलं: क्ष = ५. टाळ्या. समन्वयकांनी फोटो काढला.

“शाब्बास. आता कसं काढलंस ते खाली लिही.”

त्यानं लिहायला सुरुवात केली. ५क्ष − २क्ष = १२ − ३. मग ३क्ष = ९. मग क्ष = ९ − ३. मग क्ष = ६.

खडू हातात धरून तो थांबला. वर ५, खाली ६, दोन्ही त्याच्याच अक्षरात. सचिवांना काही कळलं नव्हतं, ते अजून हसत होते. साहेबांनी विचारलं, “यातलं खरं कुठलं रे?”

तो म्हणाला, “सर, वरचं बरोबर आहे. खालचं पुस्तकातलं आहे.”

वर्गात हशा पिकला. समन्वयक घाईनं पुढं आले, मुलगा घाबरलाय वगैरे म्हणाले. मुलगा अजिबात घाबरला नव्हता. विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं होतं.

खालच्या चार ओळींत दोन चुका आहेत आणि त्या दोन्ही मी दरवर्षी ढिगानं बघते. −३ पलीकडं नेताना चिन्ह बदललं नाही, ही साधी. दुसरी मुरलेली: ३क्ष मधला ३ म्हणजे गुणाकार, त्यानं भागायचं, तर पोरं तो उचलून पलीकडं वजा करतात. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हा मंत्र मुलं खालच्या वर्गातून पाठ करून येतात. मी जूनपासून ‘दोन्ही बाजूंत ३ मिळवा, दोन्ही बाजूंना ३ नं भागा’ असं घोकत राहते. संध्याकाळी क्लासमध्ये परत मंत्र, कारण मंत्रानं गणित दोन ओळींत उरकतं. मंत्रात ३ कशाला चिकटलाय ते सांगितलेलं नसतं.

पण मग वरचा ५ आला कुठून? पाहुणे चहाला गेल्यावर मी त्याला तेवढंच विचारलं.

“मॅडम, क्षला ३ घेतला. डावीकडं १२, उजवीकडं १८. सहाचा फरक. मग ४ घेतला. १७ आणि २०. तीनचा फरक. म्हणजे दर वेळी तीननं जवळ येतंय. मग पाचला जुळणारच.”

“टॅबवर पण असंच करतोस?”

“हो. टॅबवर उत्तर दहाच्या आतच असतं बहुतेक.”

प्रोग्रामचं हे गुपित माझ्याही लक्षात आलं नव्हतं. प्रश्न बनवणाऱ्यांनी उत्तरं सोयीची, लहान पूर्णांक ठेवलेली. मुलानं ते हेरलं. पण याला नुसती अंदाजपंचे म्हणून सोडून देता येत नाही. फरक दर वेळी तीननंच का कमी होतो? कारण ५ वजा २ म्हणजे ३, आणि मंत्रानं काढलेल्या ओळीतला ३क्ष तो हाच. त्याच्या डोक्यात दोन्ही बाजू चालत होत्या, एक पाचाच्या पावलानं, दुसरी दोनाच्या, आणि कुठं गाठ पडेल ते तो बघत होता. एक संख्या धरून गणित मांडायचं आणि मग प्रमाणात दुरुस्त करायचं, या रीतीला भास्कराचार्यांच्या लीलावतीत इष्टकर्म म्हटलंय. याची रीत तिची चुलत बहीण: दोन संख्या धरायच्या आणि फरकांवरून तिसरी काढायची. ती कुणी शिकवली नव्हती. त्याला समीकरण म्हणजे काय ते पुरतं कळलंय, आणि समीकरण सोडवता येत नाही. प्रोग्रामच्या लेखी दोन्हीचा रंग एकच.

त्या संध्याकाळी मी सर्व्हरवरची नोंद उतरवून घेतली. प्रोग्रामच्या फलकावर रंग दिसतात, पण खाली प्रत्येक मुलाच्या प्रत्येक प्रश्नाची सेकंदासकट नोंद असते. ती बघायला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आमचे एक सर तर टॅबची तासिका म्हणजे ऑफ तास समजतात, मुलं गप्प बसतात यावरच ते खूश. मला मात्र त्या नोंदीनं खिळवून ठेवलं. तीस वर्षं वह्या तपासल्या तरी मूल कुठं थबकलं ते वहीत दिसत नाही.

यादीच्या तळाशी एकतीस नंबर. लाल. ‘सूचनांवर अवलंबून’ असा शेरा, समन्वयकांनी गोल करून ठेवलेला. तिची नोंद पाहिली तर प्रत्येक संचात एकच नमुना. पहिला प्रश्न उघडला की तिन्ही सूचना पाच-सात सेकंदांत दाबलेल्या. मग जवळजवळ दोन मिनिटं टॅबला हात नाही. मग उत्तर. पुढचे चार प्रश्न विनामदत, सगळे बरोबर. नवा संच, पुन्हा तसंच. पाचपैकी पहिला मदतीनं, त्यामुळं ती कधी हिरवी होणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिची वही मागितली. त्या दोन मिनिटांत ती तिसरी सूचना वहीत उतरवून घ्यायची, शेजारी प्रत्येक पायरीला एक बाण काढून. घरी टॅब नाही, क्लास लावलेला नाही. सोडवलेलं एक उदाहरण मिळवायचं आणि त्यावरून बाकीची करायची, हा तिचा हिशेब. पुस्तकात दर प्रकारची दोन-तीनच उदाहरणं सोडवलेली असतात, टॅबवर हवी तेवढी. भूमितीच्या सरांना वही दाखवली तर म्हणाले, “ही कॉपीच झाली.” त्यांच्या मते स्वतःच्या डोक्यातून आलं नाही ते सगळं कॉपी. मग आपण फळ्यावर काय करतो, हे मी विचारलं नाही, स्टाफरूममध्ये डबे उघडायची वेळ होती.

तिला मी तेच समीकरण घातलं. चार ओळी, क्ष = ५, नीटनेटकं, समास आखून.

“बरोबर आलंय हे कसं बघशील?”

“परत सोडवून, मॅडम.”

“आणि परत सोडवताना तीच चूक झाली तर?”

ती गप्प. ५ उचलून मूळ समीकरणात घालायचा हे तिला सुचलंच नाही. बारा नंबर दुसरं काही करतच नाही. दोघं एकाच वर्गात, दोन बाकांच्या अंतरावर. आणि बोर्डाची पद्धत तिच्या बाजूची आहे. दहावीला बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा, पायरीला गुण. शिवाय चौकटी भरायच्या कृती असतात, त्या तर पाठांतरावर भरून निघतात. तिचं कल्याण होईल. बारा नंबरचं काय करायचं?

सत्र परीक्षेत मी मुद्दाम एक प्रश्न घातला, तीन गुणांना: ३(२क्ष − १) = क्ष + ६. उत्तर ९/५, दहाच्या आत पण पूर्णांक नव्हे. एकतीस नंबरनं कंस सोडवला, पायऱ्या लिहिल्या, तीनपैकी तीन. बारा नंबरच्या पेपरात एवढंच:

‘१ ला डावी बाजू ४ ने कमी. २ ला डावी बाजू १ ने जास्त. उत्तर १ आणि २ च्या मधे, २ च्या जवळ.’

उत्तरसूचीप्रमाणं शून्य. कंस सोडवणे एक, पदे एकत्र करणे एक, उकल एक. त्याच्याकडं यातलं काहीच नाही. मी एक गुण दिला. भूमितीच्या सरांनी तो गठ्ठ्यात बघितला आणि म्हणाले, “हा एक तरी कशाला? बोर्डात शून्य मिळेल, आत्ताच कळू दे.” बोर्डाबद्दल त्यांचं बरोबर आहे. गुण मी काढला नाही.

पेपर वाटल्यावर त्याला जवळ बोलावलं. म्हटलं, “२ च्या जवळ, म्हणजे किती जवळ?”

तो जरा वेळ पेपराकडं बघत राहिला. “एकापासून दोनापर्यंत पाचाचा फरक पडतोय. चार भरून निघाले की जुळलं. म्हणजे एक आणि चार पंचमांश.”

“अरे, मग हे का नाही लिहिलंस?”

“अपूर्णांक आला म्हणजे चुकलंच असेल ना, मॅडम. टॅब घेत नाही. मी एकदा १८/१० टाकलं होतं.”

मी समन्वयकांना पुन्हा लिहिलंय, या वेळी त्याच्या पेपराचा फोटो जोडून. सत्राच्या अहवालात ‘हिरव्या गटातील विद्यार्थी’ असा एकच रकाना होता. त्यात बारा नंबर आहे, एकतीस नाही. रकाना त्यांनी विचारला तसा भरला आणि खाली समासात बारीक अक्षरात दोघांबद्दल लिहिलं. हेडसर म्हणाले, “समासातलं स्कॅनमध्ये येत नाही हो मॅडम.” मग वेगळा कागद जोडला.