एक टन लोखंड, एक टन रस: जर्मन प्रशिक्षणार्थींसोबत कोल्हापूर

आयटीआयमध्ये परदेशी पाहुणे येणार म्हटले की आधी रांगोळी कोण काढणार ते ठरते, मग शाल-श्रीफळ. विषय ‘हरित तंत्रज्ञान’ असेल तर गच्चीवरची सौर पॅनेल पुसून घेतली जातात. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातल्या एका व्यवसाय शाळेचा गट संयुक्त प्रकल्पासाठी यायचा ठरला, तेव्हा आमचाही कार्यक्रम याच वळणावर चालला होता. पण त्यांच्या शिक्षिकेने ईमेलमध्ये एकच विचारले: तुमच्या भागात ऊर्जा सगळ्यात जास्त कुठे खर्च होते, तिथे नेता का? आम्ही सांगली जिल्ह्यातले. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक. डोळ्यांसमोर कोल्हापूरच आले: शिरोलीची फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना, आणि करवीर तालुक्यातले गुऱ्हाळ.

ही मुले कोण, ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे त्यांना सरसकट ‘कॉलेजची पोरे’ समजतात. जर्मनीत व्यवसाय शिकणारा मुलगा आधी एखाद्या कंपनीशी करार करतो. आठवड्यातले तीन-चार दिवस तो कंपनीत काम करतो, उरलेले एक-दोन दिवस शाळेत बसतो आणि दरमहा विद्यावेतन घेतो. बहुतेक ट्रेड तीन ते साडेतीन वर्षांचे. आलेल्यांपैकी निम्मी मुले इलेक्ट्रिकलची, निम्मी हीटिंग आणि प्लंबिंगची होती. आपला शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा, त्यांचा व्यवसाय शिक्षणाचा कायदा १९६९ चा. म्हणजे कायद्यात आपण पुढे होतो. मागे कुठे पडलो, हे पुढे फौंड्रीत कळले. मुंबई आणि बाडेन-व्युर्टेंबर्गची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यामुळे आपली पोरे पाहुण्यांना पहिल्याच चहाला ‘नोकरी लागेल काय?’ विचारणार, हे गृहीत धरा. त्यासाठी वेगळा तास ठेवा आणि तिथेच विचारायला सांगा. नाहीतर अठरा-एकोणीस वर्षांची ती मुले बिचारी गोंधळतात, त्यांच्या हातात काहीच नसते.

सांगलीहून जयसिंगपूर, हातकणंगले करत सांगली फाट्याला निघालो की शिरोली एमआयडीसी समोरच आहे. पुण्याकडून येणाऱ्यांना सव्वादोनशे किलोमीटरचा महामार्ग आहे, पण रुंदीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता धरून वेळेत भर घाला. रेल्वेने यायचे तर मिरजेहून कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस जवळ. जुलै-ऑगस्टमध्ये येऊच नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली होती, आणि तसेही पावसाळ्यात गुऱ्हाळे बंद असतात. वारही बघून या. उद्यमनगरासह बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. परदेशातून आलेला गट रविवारी पोहोचतो आणि सोमवारी कामाला लागायचे म्हणतो, तिथे घोटाळा होतो.

फौंड्रीत इंडक्शन भट्टी, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, चालू होती. हीट, म्हणजे वितळलेल्या धातूची एक खेप, निघायच्या वेळीच आम्हाला आत घेतले, आणि तशीच वेळ मागून घ्या. थंड भट्टी बघण्यात काही अर्थ नाही. पाहुण्यांनी भट्टीआधी विजेचा मीटर मागितला. आपल्या मुलांना यात काय विशेष ते कळेना. मग त्यांच्यातल्या एका मुलीने फळ्यावर मांडले: या हीटला किती टन धातू, किती युनिट, भागाकार करा. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. आता घरावरचे पॅनेल घ्या. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि एवढी पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतात. म्हणजे एका टनासाठी असे एक घर पन्नास दिवस राबणार. सौर पॅनेलला कमी लेखायचे नाही, पण फौंड्रीतला ‘हरित’ प्रश्न गच्चीवर सुटत नाही. तो भट्टीच्या तोंडाशी सुटतो.

तिथे काय बघायचे? भट्टीचे झाकण किती वेळ उघडे राहते. स्क्रॅपला वाळू आणि गंज किती चिकटलेला आहे, कारण वाळूही तापते, वितळते, तिचा मळ होतो, आणि त्या सगळ्याची वीज आपणच भरतो. धातू तयार झाला तरी साचे तयार नाहीत म्हणून किती वेळ तसाच तापत ठेवावा लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या आणि जादा धातू साठवणाऱ्या वाटांमध्ये, किती धातू जातो. ओतलेल्या धातूपैकी दोन तृतीयांशच चांगल्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, उतरला, तर विकायच्या एका टनासाठी दीड टन वितळवावे लागते. या वाटा पॅटर्नमेकर, म्हणजे साच्याचा नमुना करणारा, ठरवतो. त्याच्या टेबलावर वाचलेली वीज कुठल्याच बिलावर वेगळी दिसत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

झाकणाचा मुद्दा पाहुण्यांनी उत्साहाने काढला. भट्टीवरच्या मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पावणं, झाकण घाला म्हणून सगळीच सांगत्यात. दर वेळी उचलायचं कुणी, त्यो माणूस पण सांगा की.” भाषांतर झाले तसे जर्मन मुले हसली नाहीत, वही काढून बसली. पायाने दाबून फिरवता येईल अशा झाकणाचे रेखाचित्र तिथेच, वाळूच्या ढिगाशेजारी सुरू झाले. आपली फिटरची दोन पोरे त्यात शिरली आणि बिजागरी कुठे बसवली तर उष्णतेने जाम होईल, ते त्यांनीच दाखवले. मागे पडण्याचे मी म्हणालो ते हेच. या वयाच्या आपल्या मुलांना चालू भट्टीसमोर उभे राहून बोलायची संधी सहलीलाच मिळते, त्यांच्याकडच्यांना दर आठवड्याला.

मालकांना वेगळी चिंता होती, युरोपच्या कार्बन कराची. आयात मालामागे किती कार्बन सोडला, याचा हिशेब तिथे ऑक्टोबर २०२३ पासून मागायला लागले आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज ही त्याची क्षेत्रे. गाड्यांचे बरेच सुटे भाग सध्या त्यात येत नाहीत, पण गिऱ्हाईक आताच टनामागचे युनिट विचारते, असे ते म्हणाले. मीटर वाचून नोंद ठेवणारा इलेक्ट्रिशियन पोरगा उद्या इथे लागणार आहे. आपल्या अभ्यासक्रमात वायरिंग भरपूर, ही नोंदवही नाही.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन असले तरी गुऱ्हाळे वर्षागणिक कमी होत चालली आहेत. चालू असलेले शोधून, मालकाशी आधी बोलून जा. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत. इथेही पाहुण्यांनी हिशेबच मांडला, आणि तो मला इतकी वर्षे सुचला नव्हता. उसाच्या एक टन रसात साधारण आठशे किलो पाणी असते. एका किलो पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिटएवढी उष्णता लागते, म्हणजे आठशेला पाचशे युनिट. रस उकळीला आणायचे आणखी पाऊणशे धरा. एक टन रस आटवणे आणि एक टन लोखंड वितळवणे, जवळजवळ सारखेच! फरक एवढाच की फौंड्रीतला आकडा मीटरवरचा, तर गुऱ्हाळातला कमीत कमी लागणारा. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून जाते. जळण म्हणजे चिपाड, रस काढून उरलेला ऊस, ते घरचेच, म्हणून त्याचा हिशेब होत नाही. ताज्या चिपाडात जवळपास निम्मे पाणी असते. ते अंगणात नीट वाळवले नाही तर चुलवाणातली (गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीतली) आग आधी चिपाडातले पाणी उडवते, मग काईलीतले, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतले.

प्रकल्प इथे झाला. धुराड्यात बसवायची पत्र्याची सरकती झडप आमच्या वेल्डरच्या मुलांनी वर्कशॉपमधून करून आणली होती, तिचे माप हीटिंगच्या जर्मन मुलांनी काढले होते. धुराड्यात थर्मोकपल, म्हणजे जास्त तापमान मोजणारा तारेचा सेन्सर, सोडला. त्यातला के-टाइप तिथे चालतो, पण तोच वितळलेल्या लोखंडात बुडवू नका, त्याला वेगळा लागतो. झडप थोडी सरकवली की धुराड्यातले तापमान उतरते आणि काईलीची उकळी मात्र टिकते, हे सगळ्यांनी बघितले. आणखी सरकवली तसे चुलवाणापुढचा गडी ओरडला, “बास! धूर तोंडावर यायला लागलाय.” ती खूण त्यांनी खडूने पत्र्यावर केली. गूळ करणाऱ्या गुळव्यांनी मात्र आमच्या थर्मामीटरला दाद दिली नाही. पाक थंड पाण्यात टाकून गोळी बघतात आणि काईल उतरवतात. आमचा आकडा ११८ अंश सेल्सिअसला पोहोचायच्या आत त्यांची गोळी झालेली. जाड नळीतला सेन्सर मागे राहतो, बारीक नळीचा न्या. पुढच्या हंगामासाठी काईलीच्या बुडाला पट्ट्या वेल्ड करून उष्णता घ्यायचे क्षेत्र वाढवायचे ठरले आहे.

राधानगरी धरणही बघितले. शाहू महाराजांची दूरदृष्टी आणि आपोआप उघडणारे दरवाजे सांगायला बरे, पण तांत्रिक मुलांना तिथे हाताला काम नाही. वेळ कमी असेल तर गाळा.

आता कागद. हॉटेल असो वा घर, परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते (पूर्वीचा फॉर्म सी). छोट्या लॉजला हे माहीत नसते, आधीच विचारा. निमंत्रणपत्रात ‘भेट’ एवढेच न लिहिता कामाचे स्वरूप लिहा, म्हणजे व्हिसाचा प्रकार त्यांना बरोबर निवडता येतो. मोजमापाची उपकरणे ते बरोबर आणणार असतील तर किमतीसह यादी जवळ ठेवायला सांगा. फौंड्रीत फोटोंची परवानगी लेखी घ्या. पॅटर्न गिऱ्हाइकाचे असतात, मालक त्यावर फार जपून असतात. सेफ्टी शूज त्यांचे त्यांनाच आणायला सांगा, ४५-४६ नंबर आपल्याकडे पटकन मिळत नाही. आणि आपल्या मुलांच्या पायात चपला असतील तर पाहुणे कामच सुरू करत नाहीत, तेव्हा आपलेही बूट मोजून ठेवा. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, पण प्लग वेगळे, अॅडॅप्टर चार-पाच घ्या. गटात शाकाहारी अपेक्षेपेक्षा जास्त निघतात. तांबड्या रश्शाची हौस भागवायची तर शेवटच्या रात्री.

संध्याकाळी मोकळा वेळ असेल तर वर्ल्डस्किल्स या व्यवसाय कौशल्यांच्या जागतिक स्पर्धेची चित्रफीत दाखवा. २०१९ ला कझानमध्ये जलतंत्रज्ञानात भारताला सुवर्ण मिळाले, २०२४ ला लियाँमध्ये अक्षय ऊर्जेत कांस्य. आमच्या मुलांना हे ठाऊक नव्हते आणि जर्मन मुलांनाही नव्हते, त्यामुळे गप्पा बरोबरीने झाल्या.

पत्रव्यवहार जूनमध्येच सुरू करा. गुऱ्हाळमालकाला दसऱ्याच्या सुमारास भेटा, फौंड्रीला ऑर्डरचा ताण बघून तारीख मागा, आणि झडपेचा पत्रा ३ मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका, वाकतो.