‘टेबल्ड’

ऐरोलीच्या ऑफिसात मी कॉपी एडिटर आहे. ब्रिटिश इंग्रजीतला मजकूर अमेरिकन वाचकांसाठी बदलून द्यायचा, हे माझं रोजचं काम. ‘कलर’मधला यू काढायचा, ‘सेंटर’च्या शेवटचं आरई उलटून ईआर करायचं. अमेरिकेत ही स्पेलिंगं रुजली ती मुख्यतः नोआ वेब्स्टरच्या 1828 च्या कोशामुळे. तीन वर्षांत हात इतका बसला होता की डोकं लावावंच लागत नव्हतं. नडलं ते नेमकं तिथेच.

त्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी बोलावलं. आदल्या आठवड्यात मी केलेलं एका बैठकीचं इतिवृत्त स्क्रीनवर होतं. प्रशिक्षणाचा प्रस्ताव समितीने ‘टेबल’ केला, असं त्यात वाक्य.

“अगं, हे तसंच का ठेवलंस?”

“स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे ना, मॅडम.”

“स्पेलिंग एकच, अर्थ उलटा.”

ब्रिटनमध्ये टेबल करणं म्हणजे चर्चेला मांडणं. अमेरिकेत मात्र चर्चा बाजूला सारून विषय लांबणीवर टाकणं. तिकडच्या लोकांनी प्रस्ताव बारगळला असं समजून प्रशिक्षकांना ‘येऊ नका’ म्हणून कळवलंही होतं. माझ्या पोटात गोळा आला. ज्यांचं काम गेलं त्यांचा काय दोष?

मॅडम रागावल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले होते, हे त्यांनी सांगितलं. दोघांनाही हवं होतं एकच. चर्चिलने आपल्या युद्धाच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय.

माझी नजर तिथे का अडली नाही, ते लोकलमध्ये ठाण्याला येताना लक्षात आलं. आपल्याकडे विधानसभेत अहवाल ‘पटलावर ठेवतात’, म्हणजे सभागृहापुढे मांडतात. लहानपणापासून बातम्यांत ऐकलेलं ते पटल माझ्या कानात होतं. म्हणून ब्रिटिश अर्थ मला आपलाच वाटला, परका वाटलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची मेल गेली. ‘टेबल्ड’ काढून ‘चर्चेला मांडला’ अशा अर्थाचं साधं वाक्य घातलं, दोन्हीकडे एकच कळेल असं. मग मी आणि मॅडम पहिल्या पानापासून पुन्हा बसलो, स्पेलिंगकडे न बघता. चौथ्या पानावर 03/04 अशी तारीख निघाली. लंडनला 3 एप्रिल, न्यूयॉर्कला 4 मार्च. नवव्यावर एका उमेदवाराबद्दल शेरा होता, ‘क्वाइट गुड’. ब्रिटिश माणूस हे बऱ्याचदा ‘ठीकच’ अशा अर्थी म्हणतो, अमेरिकन ‘फारच छान’ असं वाचतो. तो शेरा लिहिणाऱ्यालाच विचारायचं ठरलं.