एक बिस्किट, चार मजले

गेली सहा वर्षं इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवतेय. मेअखेरीस आठवडाभर सुट्टी मिळते, तेवढ्यात गिरगावात आईकडे आलेय. चौथा मजला, लिफ्ट नाही.

परवा भाची दहावीच्या क्लासवरून आली ती दप्तर टाकता टाकताच भांडायला उभी राहिली. "मावशी, केमिस्ट्रीचे सर म्हणतात बंध तोडायला ऊर्जा लागते. बायोच्या मॅडम म्हणतात पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी रेणूचा बंध तुटला की ऊर्जा मिळते. पेपरात काय लिहू?"

हाच प्रश्न घेऊन तिकडची पोरंही येतात. बंध कुठलाही असो, तोडायला ऊर्जा लागतेच. एटीपीचं शेवटचं फॉस्फेट पाण्याशी अभिक्रिया होऊन सुटतं तेव्हा नवे बंध जुळतात, आणि त्यात सुटणारी ऊर्जा जास्त असते. वजाबाकीत उरेल ते पेशीच्या कामी येतं. मॅडम हिशेबाची शेवटची ओळ तेवढी वाचतात.

आम्ही भौतिकशास्त्रवाले तरी कुठे शहाणे! २०१६ पासून तिथल्या जीसीएसईत, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेत, 'ऊर्जेचे प्रकार' मागे पडले. आता ऊर्जेचे 'साठे' म्हणायचं, आणि वीज-प्रकाश हे एका साठ्यातून दुसऱ्यात जायचे नुसते मार्ग. त्या नव्या नवलाईत मी 'श्वसनात ऊर्जा तयार होते' लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापला. "मिस, शेजारच्या वर्गात असंच सांगतात," म्हणाला बिचारा. ते अजून टोचतं. मग भौतिक, रसायन, जीवशास्त्र शिकवणाऱ्या आम्ही तिघी एका टेबलाशी बसलो आणि ठरवलं, ऊर्जा नव्याने तयार होतच नाही, तेव्हा 'तयार होते' कुणीच म्हणायचं नाही.

भाचीला म्हटलं, बिस्किटाचा पुडा आण. मागे छापलेलं असतं: १०० ग्रॅमला साधारण ४५० किलोकॅलरी. म्हणजे पाच ग्रॅमच्या एका बिस्किटात साडेबावीस. जूलमध्ये ९४ हजारांच्या आसपास. तिचं वजन ५० किलो, चार मजले म्हणजे १२ मीटर धरू. वर चढायला किती ऊर्जा लागेल, याचा लाइट बिलाच्या पाठीवर तिने गुणाकार केला: ५० × ९.८ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) × १२, जेमतेम ५,८८० जूल.

"एवढंच? मग एका बिस्किटात मी सोळा वेळा चढेन!"

"नाही गं. स्नायू साधारण चौथा हिस्साच कामी लावतात. चार वेळा चढलीस तरी खूप."

"आणि बाकीचे तीन हिस्से?"

ओढणीने मानेवरचा घाम पुसत विचारत होती. मी नुसतं ओढणीकडे बोट दाखवलं.