त्या कॉर्नरचं काय चुकलं?

आपला संघ हरला की चाहत्याचा पहिला अर्धा तास चिडण्यात जातो. त्याला काही अक्कल लागत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं: घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं, ते शोधून काढणं. जिंकलेल्या सामन्यावर बोलण्यासारखं फार नसतं. सगळे झकास खेळले, प्रशिक्षक हुशार, विषय संपला. हरलेला सामना मात्र पुरवून पुरवून वापरता येतो. मी काही पराभव वर्षानुवर्षं जपून ठेवले आहेत आणि त्यातला सगळ्यात लाडका आहे २ जुलै २०१८चा. रशियातलं रोस्तोव्ह, फुटबॉल विश्वचषकाची बाद फेरी, बेल्जियम ३, जपान २.

जपानशी माझा काय संबंध, हे कृपया विचारू नये. एखादा संघ आवडतो तो आवडतो, त्याला कारण जोडायचं ते मागाहून.

मध्यंतराला गोलफलक कोरा होता. ४८व्या मिनिटाला जपानच्या शिबासाकीनं मधल्या फळीतून लांब पास सोडला, बेल्जियमच्या व्हर्टोंगनचा पाय त्याला लागता लागता राहिला आणि हारागुचीनं चेंडू तिरका मारून जाळ्यात घातला. लगेच पलीकडे बेल्जियमच्या हझार्डचा फटका खांबाला आपटून परत आला. हुश्श म्हणेपर्यंत ५२व्या मिनिटाला इनुईनं पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून असा काही फटका हाणला की बेल्जियमचा गोलरक्षक कोर्त्वा याचे ते लांबलचक हातसुद्धा तोकडे पडले. २-०. जपाननं विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी तोवर एकदाही पाहिलेली नव्हती. हातातोंडाशी आलेला घास तो हाच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ६९व्या मिनिटाला व्हर्टोंगननं डाव्या बाजूनं, जवळजवळ अशक्य कोनातून, डोक्यानं चेंडू उंच उडवला आणि तो जपानचा गोलरक्षक कावाशिमा याच्या वरून थेट दूरच्या कोपऱ्यात जाऊन पडला. त्याला गोलच करायचा होता की चेंडू नुसता गोलसमोर परत टाकायचा होता, ते त्याचं त्याला ठाऊक. ७४व्या मिनिटाला हझार्डचा क्रॉस, फेलायनीचं डोकं, बरोबरी. आणि मग भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला जपानला मिळालेला तो कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू मारायची संधी.

हा कॉर्नर मी इतक्यांदा पाहिला आहे की आता त्यात खेळाडूंपेक्षा मोकळ्या जागाच जास्त दिसतात. होंडा कॉर्नर घेतो. चेंडू गोलकडे वळतो आणि सरळ कोर्त्वाच्या हातात जातो. जवळपास २ मीटर उंचीच्या माणसाला तो आरामात झेलता येतो. झेलल्यावर तो क्षणभरही थांबत नाही, दोन पावलं पुढे येऊन चेंडू आपल्या डी ब्रुएनच्या वाटेत घरंगळत सोडतो. डी ब्रुएन धावत सुटतो आणि मैदानाच्या मध्यापलीकडे जाऊन उजवीकडे म्युनिएला देतो. म्युनिए पहिल्याच स्पर्शात चेंडू जमिनीलगत आत मारतो. लुकाकू त्याच्यासमोर आहे, पण तो चेंडूला शिवत नाही, पुढे जाऊ देतो. मागून आलेला शादली तो रिकाम्या जाळ्यात ढकलतो. हे सगळं पंधरा सेकंदांच्या आत.

यात लुकाकूकडे नीट बघावं. त्याआधी धावताना त्यानं एका बचावपटूला स्वतःबरोबर आत ओढून नेलं होतं, म्हणून तर म्युनिएला उजवीकडे मोकळं रान मिळालं. म्हणजे ज्या माणसाच्या पायाला त्या हल्ल्यात चेंडू एकदाही लागला नाही, त्यानं तो गोल दोनदा घडवला. गोल करणाऱ्याचं आणि पास देणाऱ्याचं नाव नोंदलं जातं, या कामासाठी मात्र कुठे रकाना नाही.

सामना संपला आणि निकाल लागला: जपान भोळेपणानं हरलं. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाल्यावर चेंडू गोलसमोर टाकतात का? कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी लपवून ठेवायचा, वेळ काढायचा, पुढे अर्ध्या तासाच्या जादा वेळेत बघू. अनुभव नाही हो या पोरांना. उंटावरून शेळ्या हाकणारे आपण सगळे हेच म्हणालो.

हे म्हणताना आपण चार दिवसांपूर्वीचं किती झटकन विसरलो! २८ जूनला व्होल्गोग्राडमध्ये याच जपानचा पोलंडशी साखळी सामना होता. जपान ०-१ असं मागे होतं. तिकडे दुसऱ्या मैदानावर कोलंबियानं सेनेगलवर आघाडी घेतल्याचं कळलं. जपान आणि सेनेगलचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामनाही २-२ बरोबरीत सुटलेला. फरक एवढाच, की जपानची पिवळी कार्डं ४ आणि सेनेगलची ६, आणि कमी कार्डंवाला पुढे जाणार. प्रशिक्षक निशिनो यांनी हिशेब केला आणि शेवटची दहा मिनिटं जपाननं आपल्याच अर्ध्या मैदानात चेंडू इकडून तिकडे फिरवला. हरत असलेला संघ वेळ काढत होता आणि जिंकणारे पोलंडवालेही फारसे हलत नव्हते. प्रेक्षकांनी शिट्ट्या घातल्या, हुर्यो उडवली. विश्वचषकात कार्डांच्या हिशेबावर पुढे जाणारा हा पहिलाच संघ. तेव्हाचा निकाल काय होता? जपाननं खेळाचा अपमान केला. हिंमत नाही. भित्रे.

म्हणजे २८ तारखेला भित्रे आणि २ तारखेला भोळे. माणसं तीच, प्रशिक्षक तोच. सेनेगलनं शेवटच्या क्षणी एक गोल मारला असता तर निशिनोंचा तो हिशेब मूर्खपणा ठरला असता, आणि होंडाचा कॉर्नर कोणाच्या डोक्याला लागून आत गेला असता तर त्याचा पुतळा झाला असता. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे मला मान्य आहे. पण चाहत्याचा निम्मा व्यवहार आत्याबाईच्या मिशांवरच चालतो. माझी तक्रार एवढीच आहे, की गोलफलक बघून झाल्यावर आपण आधी पाहिलेलं सगळं त्याच्या मापानं कापून घेतो. ९३व्या मिनिटापर्यंत जो संघ आपल्याला धाडसी वाटत होता, तो ९५व्या मिनिटाला अननुभवी कसा होतो?

आकडे मदतीला येतील म्हणावं तर तेही लबाड. २०१४च्या उपांत्य फेरीत जर्मनीनं ब्राझीलला ७-१ असं धुतलं. २३व्या ते २९व्या मिनिटांत ४ गोल. त्या सामन्यात गोलवर मारलेले एकूण फटके ब्राझीलचे जास्त होते आणि चेंडूही थोडा अधिक वेळ त्यांच्याचकडे होता. कागद वाचणाऱ्याला वाटावं, अटीतटीची लढत झाली. उलट २०२२ला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ असं हरलं, तेव्हा पूर्वार्धातले त्यांचे ३ गोल ऑफसाइड ठरून रद्द झाले होते. त्या रात्री त्यांचं श्राद्ध घालून मोकळे झालेले लोक महिन्याभरात मेस्सीच्या हातात चषक बघत होते.

तर मग माझा निकाल. त्या कॉर्नरवर गोलसाठी जाणं बरोबर होतं, असं माझं ठाम मत आहे. जादा वेळेत जपानला काय मिळणार होतं? पाय थकले होते आणि हवेतल्या प्रत्येक चेंडूवर बेल्जियमचं राज्य होतं. कावाशिमानं त्याआधीच लागोपाठ दोन हेडर अडवून सामना जिवंत ठेवला होता. अजून अर्धा तास तेच सोसण्यापेक्षा इथंच सोक्षमोक्ष लावावा, हा विचार भोळा नव्हे. चूक अंमलात होती. कॉर्नर गोलरक्षकाच्या थेट हातात पडला, आणि त्यानं झेलल्यावर त्याच्या वाटेत नुसतं उभं राहून त्याचा एक सेकंद खाणारा कोणी नव्हता.

पण पाणी मुरलं ते या कॉर्नरपाशी नाहीच. ते मुरलं ६५व्या मिनिटाला. बेल्जियमच्या प्रशिक्षकानं मेर्टेन्स आणि कारास्को यांना बाहेर काढून फेलायनी आणि शादलीला आत आणलं. सुबक पास देणारे नकोत, उंच माणसं हवीत, इतका सरळ हिशेब. फेलायनी १९४ सेंटिमीटर. तो मैदानात आला त्या क्षणी सामन्याचा प्रकार बदलला होता, आणि हे टीव्हीसमोर बसलेल्यालाही दिसत होतं. जपाननं पहिला बदल केला ८१व्या मिनिटाला. मधल्या सोळा मिनिटांत २-०चे २-२ झाले होते. बदली आलेल्या त्या दोघांनीच शेवटचे दोन गोल केले, आता याहून जास्त पुरावा काय द्यायचा? निशिनोंवर मी रागावू शकत नाही, स्पर्धेला जेमतेम दोन महिने उरले असताना आधीच्या प्रशिक्षकाला काढून त्यांच्या गळ्यात हे काम घातलं होतं. तरी ती सोळा मिनिटं त्यांच्या खात्यावर आहेत.

उत्तरादाखल बरेच जण जपानी प्रेक्षकांनी सामन्यानंतर गॅलरी झाडून स्वच्छ केल्याचं सांगतात. चांगलीच गोष्ट आहे. पण पराभवाच्या चर्चेत कुणी कचऱ्याच्या पिशव्या आणल्या की मला संशय येतो. हरलेल्याचं वळण चांगलं होतं म्हणणं म्हणजे त्याच्या खेळाबद्दल बोलायचं टाळणं. इनुईचा तो फटका, शिबासाकीचा तो पास, बेल्जियमसारख्या संघाला तासभर पळवणारी ती मधली फळी, कौतुक करायचं तर याचं करा की. याच बेल्जियमनं चार दिवसांनी ब्राझीलला घरी पाठवलं.

आणि एक गोष्ट, जी अजूनही डाचते. डी ब्रुएन चेंडू घेऊन निघाला तेव्हा मैदानाच्या मध्यावर जपानचा यामागुची त्याच्यासमोर होता. ८१व्या मिनिटाला आलेला, म्हणजे ताज्या पायांचा. तो मागे सरकत राहिला. अंगावर जाऊन शर्ट ओढायचा, खाली पाडायचं, पंचांच्या नजरेला नजर न देता कार्ड घ्यायचं आणि परत जागेवर जायचं. सगळे संघ हे करतात आणि जाणते चाहते त्याला मनातल्या मनात शाबासकी देतात. त्या फाऊलची किंमत होती फक्त एक पिवळं कार्ड. दोन पिवळी कार्डं कमी म्हणून इथवर आलेल्या संघाला नेमकं तेवढंच सुचलं नाही. आणि गंमत अशी, की त्या दिवशी शिट्टी ज्यांच्या तोंडात होती ते पंच सेनेगलचे होते.